चिमुकल्या कानांसाठी पहिले श्रवणयंत्र

मुलीला ऐकू येते, याविषयी घरात कुणालाच शंका नव्हती. सांगलीच्या गणपती पेठेत तीन पिढ्यांपासून कडधान्याचा व्यापार करणारे हे कुटुंब. खाली पेढी, वर घर. माल उतरवायला आलेल्या ट्रकाने भोंगा वाजवला की नात खिडकीकडे वळून पाही. स्वयंपाकघरात ताट पडले की दचके. कुकरच्या शिट्टीला हसे. चौदा महिने पूर्ण होऊनही तिच्या तोंडून एक शब्द उमटला नव्हता, तेव्हा अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, तो विषय एका वाक्यात मिटवला होता. "आपल्या घरात सगळेच उशिरा बोललेत. हिचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत खुणा करून दूध मागायचा."

सुनेचे समाधान झाले नाही. पाठीमागून हाक मारली तर मुलगी वळत नसे. समोर आले की लगेच हसे. त्यातच एके दिवशी आजींचे मनगट मुरगळले. रोज रात्री नातीला मांडीवर घेऊन, पाठ थोपटत, हलक्या आवाजात णमोकार मंत्र म्हणण्याचा त्यांचा नेम होता, आणि मंत्र संपायच्या आत मूल झोपी जाई. त्या रात्री हात बांधलेला असल्यामुळे आजींनी नुसताच मंत्र म्हटला. मूल झोपले नाही. ते आजींच्या ओठांकडे टक लावून पाहत राहिले. आतापर्यंत तिला झोप येत होती ती पाठीवरच्या हातामुळे, हे त्या रात्री आजींच्या ध्यानात आले. आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला जाण्याचा आग्रह सर्वप्रथम त्यांनीच धरला.

मिरजेत कानाच्या डॉक्टरांनी आधी कानातील मळ आणि पडद्यामागील पाणी यांची तपासणी केली. लहान मुलांत सर्दीमुळे मध्यकर्णात द्रव साठतो आणि ऐकू कमी येते. ते कारण औषधोपचाराने दूर होऊ शकते, म्हणून ते प्रथम बाजूला काढावे लागते. येथे ते नव्हते. त्यानंतर बेरा चाचणी झाली. मूल झोपेत असताना कपाळावर व कानांमागे तारा चिकटवतात, कानात ठरावीक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत जाणाऱ्या मज्जामार्गावर त्याचा प्रतिसाद उमटतो का, ते यंत्र टिपते. मुलाने काही सांगण्याची वा करण्याची गरज नसते. अहवालात उजव्या कानाचा उंबरठा सुमारे ६० डेसिबल आणि डाव्याचा ६५ डेसिबल निघाला. दोष आतल्या कानात होता, औषधाने वा लहानशा शस्त्रक्रियेने बरा न होणारा.

साधे संभाषण हातभर अंतरावर साधारण ६० ते ६५ डेसिबल असते, कुजबुज ३० च्या आसपास. ट्रकाचा भोंगा, पडलेले ताट, कुकरची शिट्टी हे सारे याहून कितीतरी मोठे. म्हणजे मुलीला आवाज ऐकू येत होते. बोलणे ऐकू येत नव्हते. अर्धवट ऐकू येण्याची ही अवस्था पूर्ण बहिरेपणापेक्षा अधिक फसवी असते. पूर्ण बहिरे मूल काही महिन्यांत घरच्यांच्या लक्षात येते, अर्धवट ऐकणारे मूल वर्ष-दोन वर्षे सर्वांना चकवते. पुढे शाळेत गेल्यावर त्याला हट्टी, लक्ष नसलेले किंवा मंद ठरवले जाते, ते वेगळेच.

जन्माच्या वेळी तपासणी झाली असती तर हे तेव्हाच कळले असते. नवजात बाळाच्या कानात छोटीशी नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिध्वनी टिपणारी ओएई नावाची चाचणी काही मिनिटांत होते, त्यात सुई नाही की वेदना नाही. एक महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, हा दंडक अमेरिकेतील बालश्रवण समितीने २००० च्या सुमारास घालून दिला आणि आज जगभर तोच मानला जातो. त्यामागे भक्कम आधार आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधिका क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा त्यानंतर निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे सरस असल्याचे दिसले. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथेच झाला, आणि जन्मजात बहिरेपण त्या कार्यक्रमाच्या यादीत आहे. तरीही ही चाचणी प्रत्येक प्रसूतिगृहात होतेच असे नाही. नामांकित खासगी रुग्णालयात हजारो रुपयांचे बिल भरून घरी येणाऱ्या बाळंतिणीनेही 'बाळाच्या कानाची चाचणी झाली का' हा प्रश्न विचारलेला नसतो, कारण तो विचारायचा असतो हे तिला कुणी सांगितलेले नसते.

अहवाल हाती आल्यावर घरात जे घडले ते कुठल्याही व्यापारी घरात घडेल तसेच होते. वडील गप्प झाले, आजींनी देवघर गाठले, आणि काकांनी मोबाइल हातात घेतला. पेढीची सारी खरेदी काकाच पाहत. दोन दिवसांत त्यांनी अकरा कंपन्यांची माहिती आणि भाव गोळा केले. काही हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत यंत्रे होती. कुणी चॅनेलची संख्या सांगे, कुणी ब्लूटूथ, कुणी दाण्याएवढे यंत्र कानाच्या आत बसते आणि 'कुणालाही दिसत नाही' अशी हमी देई. एका ठिकाणी जोडीवर भरघोस सूट होती, यंत्र कुरिअरने घरी येणार होते. एका विक्रेत्याने 'आधी एकच घ्या, मुलगी वापरते का पाहा, मग दुसरे' असा व्यवहारी सल्लाही दिला.

हे सर्व घेऊन काका आणि सून श्रवणतज्ज्ञ मॅडमकडे गेले. मॅडमनी कागद वाचले आणि विचारले, "यंत्र कुरिअरने आल्यावर ते हिच्या कानासाठी जुळवणार कोण?"

काका म्हणाले, "तुम्ही जुळवा. त्याची जी फी असेल ती देऊ."

"देता येईल. पण मग किंमत कशाची करताय, ते आधी ठरवू या. डाळ विकता तेव्हा ग्राहक घरी नेऊन शिजवतो. इथे डबा तेवढा विकत मिळतो; शिजवणे माझ्याकडे, आणि तेही वर्षानुवर्षे."

मॅडमच्या या बोलण्यात खरेदीचा सारा मथितार्थ होता. मोठ्या माणसासाठी यंत्र घेताना चूक झाली तर पैसे जातात. लहान मुलासाठी चूक झाली तर भाषेची वर्षे जातात, आणि त्या वर्षांना बाजारात पर्याय नाही. म्हणून बालकाच्या पहिल्या यंत्रात नाममुद्रा आणि किंमत यांना दुय्यम स्थान आहे. यंत्र कोण जुळवणार, कसे मोजून जुळवणार आणि त्यानंतर किती वेळा पाहणार, हे प्रथम पाहावे लागते.

जुळवणीसाठी आधी अहवाल पुरेसा हवा. पुष्कळदा बेरा चाचणी फक्त 'क्लिक' या एकाच आवाजावर केलेली असते. त्यातून दोष आहे आणि अंदाजे किती आहे एवढे कळते. परंतु बारीक पट्टीचे आणि जाड पट्टीचे स्वर वेगवेगळे किती ऐकू येतात, ते कळत नाही. दोन मुलांचा सरासरी आकडा ६५ असला तरी एकाला जाड स्वर बरे ऐकू येत असतील आणि बारीक मुळीच नाही, तर दुसऱ्याला सारेच सारखे कमी. दोघांना एकच जुळवणी चालणार नाही. म्हणून प्रत्येक कानाची, निरनिराळ्या स्वरांवरची चाचणी मागून घ्यावी. टोन बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर या नावांनी ती होते. या कुटुंबाला ती पुन्हा करून घ्यावी लागली. दुसरे मत घेण्यासाठी ते मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही जाऊन आले. १९८३ पासून वाचा आणि श्रवण या विषयांना वाहिलेली ही सरकारी संस्था आहे. दक्षिणेकडच्या कुटुंबांना म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था तशीच उपलब्ध आहे. दोन्ही मते जुळली, आणि घरातील शंकेखोरांचे तोंड बंद झाले, हा त्या प्रवासाचा खरा लाभ.

बारीक स्वरांचा एवढा आग्रह का, हे मराठी घरात सहज पटण्यासारखे आहे. 'स', 'श', 'फ' हे वर्ण उंच पट्टीचे आणि अत्यंत क्षीण असतात. 'तू आलास', 'तू जेवलीस', 'कुठे जातोस' यांतील शेवटचा 'स' बोलणाऱ्याच्या ओठांवरूनच विरून जातो. मोठ्या माणसाला तो ऐकू आला नाही तरी भाषा आधीच येत असल्यामुळे मन तो भरून घेते. जुना मुनीम पाण्याने पुसट झालेली नोंद पाहूनही आकडा ओळखतो, कारण खाते त्याच्या ओळखीचे असते. नव्या पोऱ्याला ते जमणार नाही. भाषा शिकणारे मूल त्या नव्या पोऱ्याच्या जागी असते. त्याला प्रत्येक वर्ण ऐकू यावा लागतो, तोही हळू बोललेला आणि दुसऱ्या खोलीतून आलेला. म्हणूनच मुलांची यंत्रे मोठ्यांच्या सूत्राने जुळवत नाहीत. त्यासाठी कॅनडातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात विकसित झालेले डीएसएल आणि ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय ध्वनी प्रयोगशाळेचे एनएएल अशी दोन सूत्रे प्रामुख्याने वापरली जातात. पालकांनी त्यांचे गणित शिकण्याची गरज नाही. 'मुलांचे कोणते सूत्र वापरता' हा प्रश्न विचारला तरी उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ समजते.

दुसरी गोष्ट कानाच्या आकाराची. लहान मुलाचा कर्णमार्ग इतका लहान असतो की त्याच यंत्रातून निघालेला तोच आवाज मोठ्या माणसाच्या कानापेक्षा तेथे बऱ्याच अधिक दाबाने आदळतो; उंच स्वरांत हा फरक १० ते १५ डेसिबलांपर्यंत जाऊ शकतो. संगणकावरील सरासरी आकड्यांवर विसंबून यंत्र जुळवले, तर एखाद्या मुलाला ते कर्कश लागेल आणि ते काढून फेकेल. अशा वेळी 'मूल यंत्र ठेवतच नाही' अशी तक्रार घेऊन आई-वडील येतात, आणि दोष मुलाच्या हट्टाला दिला जातो. चांगल्या केंद्रात केसाएवढी बारीक नळी कर्णमार्गात ठेवून आत प्रत्यक्ष पोहोचणारा आवाज मोजतात. व्यापाऱ्याच्या काट्यावर वैधमापन खात्याची मोहोर लागते, त्या जातीचे हे काम आहे. हे मोजमाप करणारे उपकरण ज्या दुकानात नाही, तेथे मुलासाठी खरेदी करू नये, मग सूट कितीही असो.

यंत्राचा प्रकार ठरवणे त्या मानाने सोपे. लहान मुलांसाठी कानामागे बसणारे यंत्र आणि त्याला नळीने जोडलेला कानातला मऊ साचा, हाच योग्य प्रकार होय. कानाच्या आत दडणारे यंत्र त्यांना चालत नाही. कान वाढतो, आणि काही महिन्यांत ते सैल होते. कानामागचे यंत्र तेच राहते, फक्त साचा बदलावा लागतो. पहिल्या वर्षात महिन्या-दोन महिन्यांनीही, पुढे तीन ते सहा महिन्यांनी. साचा लहान पडला की आवाज बाहेर निसटून यंत्र शिट्टी वाजवते. हा नव्या साच्याचा निरोप समजावा. शिट्टी थांबावी म्हणून आवाजच कमी करून ठेवण्याची चूक फार घरांत होते. मग यंत्र कानावर असते आणि मूल पुन्हा पहिल्यासारखेच अर्धवट ऐकत राहते. नव्या साच्याबरोबर जुळवणीही पुन्हा तपासून घ्यावी लागते. साच्यांचा हा खर्च यंत्राच्या किमतीत कुणी सांगत नाही. तो वर्षाच्या अंदाजात आधीच धरावा.

दोष दोन्ही कानांत असेल तर यंत्रेही दोन लागतात. आवाज कोणत्या दिशेने आला हे दोन कानांनीच कळते, आणि गोंगाटात बोलणे निवडता येते तेही त्यामुळेच. एक घेऊन पाहण्याचा सल्ला ऐकला, तर दुसऱ्या कानाचा मज्जामार्ग तेवढा काळ उपाशी राहतो.

सेलच्या झाकणाला कुलूप असणे अनिवार्य आहे, यावर दुमत नाही. बटणासारखा सेल मुलाने गिळला किंवा नाकात घातला, तर वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. धाकटे भावंड असलेल्या घरात तर याची काळजी दुप्पट. पुन्हा चार्ज होणाऱ्या यंत्रांत हा धोका कमी होतो. मात्र रात्री चार्जिंग राहून गेले तर सकाळ वाया जाते. यंत्र चालू आहे हे दाखवणारा छोटा दिवा, खेळताना पडू नये म्हणून कपड्याला अडकवायची दोरी, धूळ आणि ओलावा सोसण्याची क्षमता, पुढे शाळेत शिक्षकांच्या गळ्यातील मायक्रोफोनशी जोडण्याची सोय, आणि ऐकू येणे आणखी कमी झाल्यास वाढवता येईल इतकी राखीव शक्ती. एवढे पाहिले की पुरे. कृष्णाकाठचा पावसाळा यंत्रांना सोसत नाही, म्हणून रात्री ती ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावी लागतात. यंत्र बिघडून दुरुस्तीला गेल्यास तेवढ्या दिवसांसाठी बदली यंत्र मिळेल का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. पंधरा दिवस यंत्राविना गेले तर मोठा माणूस चिडतो, मूल मागे पडते. महागड्या यंत्रांत गोंगाट गाळण्याच्या आणि ब्लूटूथच्या ज्या सोयी असतात, त्यांचा दीड वर्षाच्या बालकाला उपयोग थोडाच. काकांनी अखेर मधल्या किमतीची जोडी निवडली, आणि उरलेली रक्कम साचे, सेल, तपासण्या व वाचोपचार यांसाठी वेगळी काढली. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, हेही त्यांनी बिल पाहताना बरोबर हेरले.

घरात शस्त्रक्रियेचाही विषय निघाला होता. 'एकदाच कॉक्लिअर इम्प्लांट करून टाकू, पैशाचा प्रश्न नाही,' असे अण्णा म्हणत. पैशाचा प्रश्न खरोखरच नव्हता. तथापि ती शस्त्रक्रिया मुख्यतः ज्यांना योग्य जुळवलेल्या यंत्रांनीही बोलणे ऐकू येत नाही, अशा तीव्र ते अतितीव्र दोषाच्या मुलांसाठी असते. तशा मुलांच्या बाबतीत महागड्या यंत्रांवर वर्षे घालवू नयेत, हेही तितकेच खरे. पात्र बालकांना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून त्यासाठी साहाय्य मिळते. ६०-६५ डेसिबलांच्या या मुलीला यंत्रांचा पूर्ण लाभ होण्यासारखा होता.

यंत्रे बसली तेव्हा मुलगी सतरा महिन्यांची होती. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत मूल पहिला आवाज ऐकून हसते. ही मुलगी रडली. मग थांबली, आईच्या तोंडाकडे पाहिले, आणि पुन्हा रडली. घरी आल्यावर तिने एक यंत्र तुरीच्या पोत्यात टाकले. ते शोधायला दोन हमाल आणि काका यांना अर्धा तास लागला.

महिन्याने तपासणीला गेल्यावर मॅडमनी यंत्र संगणकाला जोडले. आधुनिक यंत्रे रोज किती तास चालू होती याची नोंद ठेवतात. पेढीवरची रोजकीर्दच म्हणावी. सुनेने 'दिवसभर घालते' असे सांगितले होते. नोंद निघाली सरासरी चार तासांची. बालकाने जागेपणी सर्व वेळ, म्हणजे निदान दहा तास, यंत्र वापरावे अशी अपेक्षा असते. सुनेला रडू कोसळले, कारण ती खोटे बोलली नव्हती. दुपारी ती वर स्वयंपाकात असताना मुलगी खाली आजींजवळ असे, आणि पाहुणे आले की आजी यंत्रे काढून ओट्यात ठेवत.

आजींच्या मनात काय होते, ते सर्वांना ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते. धाकट्या मुलीचे, म्हणजे नातीच्या आत्याचे, लग्न व्हायचे होते. स्थळे पाहणे चालू होते. घरात एक 'असे' मूल आहे हे पाहुण्यांना दिसले, तर काय? शिवाय नातीचे आई-वडील मामे-आते भावंडे. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, ती याही घरात पाळली गेली होती. जन्मजात श्रवणदोषाची बरीच कारणे आनुवंशिक असतात. त्यांतील बहुतेकांत दोष आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो, आणि नात्यातील विवाहांत तशी शक्यता वाढते. दोघांचेही ऐकणे उत्तम असते आणि मूल मात्र दोष घेऊन जन्मते. म्हणजे सुनेच्या पायगुणाला वा गरोदरपणातील ग्रहणाला दोष देण्यास काहीच आधार नाही. आणि पुढच्या अपत्यापूर्वी, किंवा नात्यात आणखी एक विवाह ठरवण्यापूर्वी, जनुकीय सल्ला घेण्यास मात्र पुरेसा आधार आहे. समाजात हा विषय दबक्या आवाजात चालतो. तो मोठ्या आवाजात चालण्याची वेळ केव्हाच आली आहे.

कार्तिकात इचलकरंजीहून एक स्थळ पाहायला आले. त्या सकाळी आजींनी नातीची यंत्रे काढून डबीत ठेवली आणि तिला शेजारी पाठवण्याची व्यवस्था केली. चहा-पोहे झाले. बोलावणे आल्यावर आत्या बाहेर आली ती भाचीला कडेवर घेऊन, दोन्ही कानांत निळ्या रंगाचे साचे घातलेले. पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारले, "हे काय गं लावलंय हिच्या कानाला?" आत्या म्हणाली, "हिला कमी ऐकू येतं, मावशी. चष्म्यासारखंच आहे. आता 'मामा' म्हणायला लागली आहे." आजींनी मान खाली घातली. ते स्थळ जुळले नाही. कारण पत्रिकेचे सांगण्यात आले. त्या दिवसानंतर यंत्रे ओट्यात ठेवण्याचा प्रकार बंद झाला. पुढच्या तपासणीत नोंद साडेनऊ तासांची निघाली.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला अण्णांचा असाच विरोध होता. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असलेली व्यक्ती श्रवणक्षीण मानली जाते आणि तिला शिक्षणातील सवलतींचा अधिकार मिळतो. 'सरकारी कागदावर कायमचा शिक्का कशाला,' असे त्यांचे म्हणणे. तो कागद कपाटात राहील, गरज लागेल तेव्हाच बाहेर काढू, या तोडग्यावर अखेर सह्या झाल्या.

रोज सकाळी यंत्रे घातल्यावर आई दोन मिनिटांची एक चाचणी घेते. कॅनडातील ध्वनितज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी ती सुचवली. 'म', 'ऊ', 'आ', 'ई', 'श', 'स' हे सहा आवाज जाड पट्टीपासून बारीक पट्टीपर्यंतचे सारे बोलणे व्यापतात. आई ओठ झाकून एकेक आवाज काढते. ऐकू आला की मुलगी एक शेंगदाणा वाटीत टाकते. एखादा आवाज सलग दोन दिवस चुकला तर सेल, साचा किंवा सर्दी यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजावे. उरलेला दिवस नुसत्या बोलण्याचा. घरात सासर-माहेरची मिळून मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. ज्या भाषेत आई आणि आजी सहज, भरपूर बोलतील ती भाषा मुलाच्या हिताची. यंत्र बसवले म्हणून घराने परक्या भाषेत अडखळत बोलण्याचे कारण नाही. डाळ निवडताना, केस विंचरताना, जिना उतरताना काय चालले आहे ते मुलाच्या जवळ बसून सांगत राहणे, हा वाचोपचाराचा फार मोठा भाग आहे, आणि त्यासाठी फी पडत नाही.

येथे दानशूर मंडळींशी दोन शब्द स्पष्ट बोलणे भाग आहे. समाजातर्फे श्रवणयंत्र वाटपाची शिबिरे होतात, फलक लागतात, छायाचित्रे निघतात. ज्येष्ठांसाठी त्यांचा काही उपयोग होतोही. लहान मुलांना मात्र एका दिवसाच्या शिबिरात तयार यंत्र कानाला लावून पाठवणे, हे न मोजता कपडे शिवण्यासारखे आहे. महिन्याभरात ते यंत्र फडताळात जाते. त्याऐवजी एखाद्या प्रसूतिगृहाला ओएई चाचणीचे उपकरण घेऊन देणे, गरजू मुलाच्या साच्यांचा आणि सेलचा तीन वर्षांचा खर्च उचलणे, किंवा तपासणीला येणाऱ्या खेड्यातील आईला एसटीचे भाडे देणे अधिक उपयोगी पडेल. यात छायाचित्राला फारसा वाव नाही, हे मान्य.

मुलगी आता सव्वातीन वर्षांची आहे. समवयस्क मुलांपेक्षा तिचा शब्दसंग्रह अजून काही महिने मागे आहे. भरपाई चालू आहे. गेल्या महिन्यात दुपारी अण्णा पेढीवरून वर आले. मुलगी दाराकडे पाठ करून बाहुलीला भात भरवत होती. पावलांच्या चाहुलीने ती वळली आणि म्हणाली, "अण्णा, जेवलास?"

आजी आतून म्हणाल्या, "अगं, 'जेवलात का' म्हणावं. मोठ्यांना असं बोलू नये."

"राहू दे," अण्णा म्हणाले. "तिला पुन्हा म्हणू दे."